तान्ह्या डोळ्यांतला काचबिंदू : पहिल्याच शस्त्रक्रियेचे मोल

बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी जमलेल्या लेकीसुनांपैकी कोणीतरी बाळाच्या डोळ्यांकडे पाहून, "किती टपोरे डोळे आहेत हो, दृष्ट काढत जा," असे म्हणावे, आईने कौतुकाने गालावर तीट लावावी आणि सगळ्यांनी त्या डोळ्यांत आजीचे किंवा मामाचे डोळे शोधावेत, हा आपल्या घराघरांतला परिचित प्रसंग आहे. बहुतेक वेळा त्या डोळ्यांत कौतुकावाचून दुसरे काही शोधण्याचे कारण नसते. परंतु क्वचित एखादे मूल असे निघते की माजघरातल्या अंधारात ते छान डोळे उघडून पाहते आणि अंगणात, उन्हात आणले की डोळे घट्ट मिटून आईच्या पदरात तोंड खुपसते. त्याच्या गालांवरून पाण्याची धार वाहत राहते. आणि दोन-तीन महिन्यांत त्या टपोऱ्या डोळ्यातले काळेभोर बुबुळ धुरकट, निळसर दिसू लागते. मग आजी म्हणते दात येत असतील, शेजारीण म्हणते वारा लागला असेल, आणि यात मोलाचे दिवस निघून जातात.

हा तान्ह्या मुलांचा काचबिंदू. त्याच्याविषयी ऐकताच सामान्य माणसाला दोन प्रश्न पडतात आणि ते दोन्ही रास्त आहेत. काचबिंदू झालेल्या आजोबांचा डोळा बाहेरून पूर्वीसारखाच दिसतो, मग नातवाचा डोळा मोठा का होतो? आणि आजोबांना वर्षानुवर्षे औषधाचे थेंब घालून निभावता येते, तर नातवाला मात्र पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेचा सल्ला का मिळतो?

रहाट, हौद आणि तुंबलेला पाट

कोकणातल्या दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना पूर्वी विहिरीवरच्या रहाटाने पाणी मिळत असे. बैल फिरे, गाडगी भरून वर येत, पाणी हौदात पडे आणि हौदाच्या तोंडाशी सुरू होणाऱ्या पाटाने झाडांच्या आळ्यांपर्यंत जाई. आपल्या डोळ्याच्या पुढच्या भागात जन्मापासून मरेपर्यंत असाच एक रहाट चालू असतो. कनीनिकेच्या, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या, पाठीमागे असलेला एक मांसल पट्टा रक्तातून निवडलेले स्वच्छ पाणी सतत स्रवतो. या पाण्याला आपण नेत्रजल म्हणू. अश्रूंशी त्याचा काही संबंध नाही. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात आणि नेत्रजल आत. भिंग आणि पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, या दोघांनाही रक्तवाहिन्या नसल्यामुळे त्यांचे पोषण मुख्यतः या पाण्यावर चालते. पोषण करून झालेले नेत्रजल कनीनिका आणि पारपटल जिथे एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यात येते, तिथल्या सूक्ष्म जाळीतून झिरपते, जाळीमागे डोळ्याभोवती वर्तुळाकार फिरणाऱ्या एका नलिकेत उतरते आणि तिथून रक्तात परत जाते. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रीडरिश श्लेम या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचे नाव त्या नलिकेला मिळाले आहे.

रहाट जितके ओततो तितके पाटाने वाहून नेले तर हौदातली पातळी स्थिर राहते. निरोगी डोळ्यातला दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो तो याच हिशेबाने. काही बालकांत गर्भावस्थेतच त्या कोपऱ्याची घडण अपुरी राहते. जाळीचे ऊतक जिथे विरळ आणि सच्छिद्र व्हायचे तिथे ते दाट आणि अपक्व राहते. पाटाचे तोंड गाळाने बुजावे तशी ही स्थिती होते. रहाट मात्र थांबत नाही.

आता हौद जांभ्या दगडाचा, चुन्यात पक्का बांधलेला असेल तर पाणी तुंबूनही त्याच्या भिंती जागच्या हलत नाहीत. तो दाब तळाशी जी नाजूक जागा असेल तिच्यावर येतो. प्रौढ माणसाचा डोळा असा असतो, आणि त्याच्या तळाशी नाजूक जागा म्हणजे दृष्टिचेता, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस. म्हणून आजोबांची नजर जाते, पण डोळ्याचा आकार बदलत नाही. हौद ओल्या मातीचा असेल तर मात्र भिंतीच बाहेर फुगतील. सुमारे तीन वर्षांच्या वयापर्यंत मुलाच्या डोळ्याची आवरणे अशी ओली आणि लवचीक असतात, दाबाखाली ताणली जातात, आणि डोळा मोठा होतो.

ताणण्यालाही मर्यादा आहे. पारपटलाचे आतले अस्तर फारसे ताणत नाही, त्याला आडवे तडे जातात आणि त्या तड्यांतून नेत्रजल पारपटलाच्या थरांत शिरते. काचेसारखा नितळ असायचा तो पडदा फुगून धुरकट होतो, त्यात शिरलेला प्रकाश विखुरतो आणि मुलाचे डोळे दिपतात. उजेडाकडे पाठ फिरवणे, पापण्या आवळून धरणे आणि पाणी गळणे या तीन खुणा अशा रीतीने एकाच कारणाच्या पोटी जन्माला येतात.

पाणी गळणारा प्रत्येक डोळा काचबिंदूचा नव्हे

येथे आईबापांनी घाबरून जाऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तान्ह्याच्या डोळ्यातून पाणी येण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी निरुपद्रवी आहे : अश्रू नाकात नेणारी बारीक नळी जन्मतः उघडलेली नसते. अशा डोळ्यात चिकट पू साचतो, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, पण मूल उजेडाला घाबरत नाही आणि बुबुळ लख्ख असते. नाकाच्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्यावर बोटाने नेमस्त मालिश केले की बहुतेक मुलांत वर्षाच्या आत ती नळी आपोआप उघडते. धोका आहे तो या दोन अवस्थांची गल्लत होण्यात, कारण काचबिंदू असलेल्या मुलाला 'मालिश करा, होईल बरे' असे सांगितले गेले तर त्याचे सहा महिने त्यातच जातात.

अशी गल्लत होते यात गावच्या डॉक्टरांचा दोष काढावा असे मला वाटत नाही. आंध्र प्रदेशातल्या पाहणीतून निघालेला अंदाज असा की तिथे सुमारे ३,३०० जन्मांमागे एका बालकाला जन्मजात काचबिंदू असतो. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण दहा ते वीस हजारांत एक इतके कमी धरतात. आंध्रचा आकडा आपल्याकडे लावला आणि एखाद्या तालुक्यात वर्षाला हजारभर जन्म धरले, तर त्या तालुक्यात तीन-साडेतीन वर्षांतून एखादे असे मूल जन्माला येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सबंध नोकरीत अशी मुले मोजकीच समोर येतील. जे क्वचित दिसते ते ओळखण्यासाठी ठरलेली खूण हाताशी असावी लागते.

चौकट : घरी, अंगणवाडीत आणि लसीकरणाच्या दिवशी काय पाहावे
• मूल उजेडात आणताच डोळे आवळून घेते आणि तोंड लपवते काय?
• पाणी येते, पण पू येत नाही, असे आहे काय?
• बुबुळ धुरकट, निळसर किंवा करडे दिसते काय?
• एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो काय? (दोन्ही डोळ्यांना विकार असला तर हा फरक दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.)
• नवजात बालकाच्या बुबुळाची आडवी रुंदी सुमारे १० मिलिमीटर असते. पहिल्या वर्षात ती १२ मिलिमीटर किंवा अधिक भरली तर नेत्रतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात न्यावे.

या तपासणीला यंत्र लागत नाही. इस्पितळात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. वजन, ताप, नाळ पाहतात. त्याच भेटीत बाळाला दाराशी उजेडात धरून त्याचे डोळे पाहण्याची तजवीज झाली, तर शहरातल्या मोठ्या इस्पितळाला जे जमत नाही ते गावात जमेल, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करतात हे चांगलेच आहे. पण ती वर्षातून दोनदा येतात, आणि या रोगाला सहा महिन्यांची मुदत देता येत नाही.

थेंबांवर का भागत नाही

काचबिंदूच्या थेंबांपैकी बरेचसे रहाटाची गती कमी करतात, तर काही पाण्याला आडवाट काढून देतात. प्रौढाचा पाट अंशतः तरी चालू असतो, म्हणून तेवढ्याने हिशेब जुळतो. तान्ह्याचा पाट मुळातच बुजलेला. रहाट थोडा सावकाश फिरला तरी हौद भरतच राहतो. शिवाय मोठ्यांसाठी ठरवलेले औषध चार-पाच किलो वजनाच्या देहात शिरते तेव्हा त्याचे प्रमाण फार मोठे होते. टिमोलॉलच्या थेंबांनी काही बालकांचा श्वास मंदावतो, आणि ब्रिमोनिडीन तर दोन वर्षांखालील मुलांना देऊच नये, कारण त्याने मूल गुंगीत जाऊन श्वास थांबण्याचा धोका असतो. घरातल्या आजोबांची बाटली बाळाच्या डोळ्यात ओतणे म्हणूनच घातक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी चार दिवस दाब उतरवून पारपटल थोडे निवळावे, एवढ्यापुरता डॉक्टर थेंबांचा उपयोग करतात. खरा इलाज म्हणजे पाटाचे तोंड मोकळे करणे, आणि ते शस्त्रानेच होते. प्रौढांत जो शेवटचा उपाय, तो येथे पहिला असतो.

आतून की बाहेरून

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ओटो बार्कन यांनी १९३० ते ४० च्या सुमारास एक विशेष भिंग डोळ्यावर ठेवून, पारपटलातून आरपार पाहत, लांब पात्याच्या सूक्ष्म सुरीने आतल्या कोपऱ्यातले अपक्व ऊतक छेदण्याची रीत रूढ केली. तोवर या मुलांच्या नशिबी बहुधा अंधत्वच असे. बार्कन यांच्या रीतीने पहिल्यांदा त्यांना दृष्टीची आशा मिळाली. आजही जिथे मूल लवकर पोचते तिथे ही रीत उत्तम मानतात. तिची अट एकच, पण ती आपल्याकडे कठीण ठरते : पारपटल नितळ पाहिजे, नाहीतर शल्यचिकित्सकाला आत काही दिसणार नाही. आणि आपल्याकडची मुले पोचतात ती बहुधा पारपटल धुरकट झाल्यावरच.

१९६० साली अमेरिकेत हर्मन बुरियन आणि इंग्लंडात रेडमंड स्मिथ यांनी स्वतंत्रपणे दुसरी वाट काढली. त्यांनी बाहेरून, श्वेतपटलातून, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या आवरणातून, श्लेमची नलिका शोधली आणि तिच्या आतून जाळी फाडली. यात पारपटल धुरकट असले तरी अडत नाही. स्मिथ यांनी त्यासाठी नायलॉनचा धागा वापरला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण पुढे टोकाशी दिवा असलेली महागडी सूक्ष्मनळी नलिकेतून पूर्ण फिरवण्याची पद्धत आली, तरी त्याआधीच, १९९५ मध्ये, बेक आणि लिंच यांनी टाके घालण्याच्या साध्या धाग्याचे टोक बोथट करून, तो नलिकेतून ३६० अंश फिरवून तेच काम करून दाखवले. असा धागा कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या भांडारात मिळतो.

तिसरी वाट जॉन केर्न्स यांनी १९६८ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध केली. बुजलेला पाट उकरण्याऐवजी हौदाच्या भिंतीला नवे तोंड पाडावे आणि त्यावर अर्धवट झाकण ठेवावे, असा तिचा आशय. हे तोंड कालांतराने वणाच्या ऊतकाने बुजू लागते, आणि मुलांत तर फार लवकर, कारण त्यांच्या जखमा भरण्याचा वेग मोठा असतो.

एकाच भुलेत दोन उपाय

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत, जी १९८७ मध्ये उभी राहिली, डॉ. अनिल कुमार मंडल यांनी वर्षानुवर्षे अशा मुलांवर काम केले. त्यांना २००३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांच्यापुढचा प्रश्न पाश्चात्त्य वैद्यांच्या प्रश्नाहून वेगळा होता. तिथले मूल पुन्हा येणार हे गृहीत धरून एक उपाय करून पाहता येतो, तो फसला तर दुसरा, मग तिसरा. येथे दूरच्या खेड्यातून आलेली आई कर्ज काढून आली आहे, दुसऱ्या खेपेचा भरवसा नाही. तेव्हा पहिल्याच शस्त्रक्रियेत यशाची शक्यता जास्तीत जास्त कशी करावी? त्यांच्या संस्थेने याचे उत्तर म्हणून नलिकेतून जाळी फाडणे आणि भिंतीला नवे तोंड पाडणे, हे दोन्ही एकाच बैठकीत करण्याची रीत मोठ्या प्रमाणावर वापरली आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली तर तिच्यात बळापेक्षा धीराचे काम अधिक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या पापणीच्या बाजूला पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण बाजूला सारतात. मग श्वेतपटलाच्या अर्ध्या जाडीची एक छोटी झडप उचलतात. तिच्याखाली पारपटलाचा निळसर काठ आणि श्वेतपटलाचा पांढरा भाग जिथे मिळतात, त्या सीमेवर उभा छेद घेत शल्यचिकित्सक पात्याच्या एकेका हलक्या स्पर्शाने खाली जातो, आणि नेत्रजलाचा किंवा रक्तमिश्रित पाण्याचा एक थेंब वर आला की नलिका सापडली असे समजतो. ताणून पातळ झालेल्या डोळ्यात तिची जागा सरकलेली असते, म्हणून येथे उतावीळ झाल्यास नलिका हुकते किंवा पाते एकदम आत घुसते. नलिका सापडली की वाकवलेली बारीक धातूची सळई आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला आत सरकवतात आणि हलकेच फिरवून डोळ्याच्या पोकळीत आणतात. फिरताना ती अपक्व जाळी फाडते. त्यानंतर झडपेखालचा लहानसा तुकडा काढून नवे तोंड करतात, आत कनीनिकेलाही छोटे छिद्र पाडतात, म्हणजे ती त्या तोंडात येऊन अडकत नाही, आणि झडप अत्यंत बारीक नायलॉनने शिवतात. टाके फार घट्ट असले तर पाणी अडते आणि फार सैल असले तर डोळा रिकामा होतो.

बहुसंख्य मुलांत हा विकार दोन्ही डोळ्यांना असतो. म्हणून मंडल यांच्या गटाने दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया एकाच भुलेत करण्याचा मार्गही अभ्यासला. त्यात शर्त कडक आहे : दुसरा डोळा हा जणू दुसराच रुग्ण आहे असे समजून हातमोजे, उपकरणे, चादरी सगळे नव्याने घ्यायचे, म्हणजे एका डोळ्यात जंतू शिरलाच तर तो दुसऱ्यात जाणार नाही.

टंचाई कशाची?

साधनांची टंचाई म्हटले की लोकांना महाग यंत्रे आठवतात. वास्तविक सूक्ष्मदर्शक आज जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, कारण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यावरच होते. खरी उणीव असते ती तान्ह्याला सुखरूप भूल देणाऱ्या माणसाची आणि त्या मापाच्या श्वासनळ्यांची. या मुलांचा नुसता दाब मोजायचा, बुबुळ मोजायचे, आतली दृष्टिचेता पाहायची, तरी पुष्कळदा भूल द्यावी लागते; आणि भुलेची औषधे स्वतःच दाब वरखाली करतात, म्हणून तो आकडा जपूनच वाचावा लागतो.

दिवेआगरसारख्या गावाहून निघालेल्या आईबापांच्या बाजूने हे पाहावे. बोर्ली पंचतनला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथून म्हसळा, माणगाव, पनवेल असे करत मुंबई गाठायची म्हणजे दीड-पावणेदोनशे किलोमीटरांची, घाटवळणांची वाट. भुलेपूर्वी चार तास बाळाला अंगावरचे दूधही द्यायचे नसते. भुकेले मूल मांडीवर घेऊन प्रतीक्षालयात बसलेल्या बाईला, आज फक्त तपासणी, शस्त्रक्रियेला पुढच्या महिन्याची तारीख, असे सांगितले तर ती परत येईलच याची हमी कोणी द्यावी? म्हणून जाणती केंद्रे संमतीपत्र आधीच घेतात, तपासणीत निदान पक्के झाले की त्याच भुलेत शस्त्रक्रिया उरकतात. माझ्या मते कमी साधनांच्या प्रदेशात या एका नियमाने जितके डोळे वाचतात तितके नव्या यंत्राने वाचत नाहीत.

पहिली शस्त्रक्रिया निष्फळ ठरली तर पाणी बाहेर नेणारी नळी बसवण्याचा उपाय उरतो. अँथनी मोल्टेनो यांनी १९६९ मध्ये तो मांडला. परदेशी बनावटीच्या नळ्यांची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेरची होती. मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ पासून त्याच धर्तीची नळी कितीतरी स्वस्तात बनवली, आणि त्यामुळे हा मार्ग आपल्याकडच्या मुलांनाही खुला झाला.

शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

दाब वेळेवर उतरला तर तान्ह्याच्या डोळ्यात एक गोष्ट घडते जी प्रौढात सहसा घडत नाही : दृष्टिचेतेच्या मुखाशी दाबाने पडलेला खळगा पुन्हा भरून येतो, कारण ते ऊतक अजून लवचीक असते. मात्र चेतेचे जे तंतू मेले ते परत येत नाहीत, आणि ताणून मोठा झालेला डोळा सहसा मूळ मापावर उतरत नाही. लांबलेल्या डोळ्याला दूरचे अंधुक दिसते, म्हणून चष्मा लागतो, तोही वर्षाच्या आत. अधू डोळ्याला सवय लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर दिवसातले काही तास पट्टी बांधावी लागते. पट्टी बांधलेले मूल रडते, ओढून काढते, आणि दया येऊन आजी ती सोडून देते. येथे आजीला समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, कारण मेंदूने ज्या डोळ्याचे चित्र नाकारले त्या डोळ्याला पुढे कोणतीही शस्त्रक्रिया दृष्टी देत नाही.

पहिल्या वर्षी यश पुष्कळांना मिळते. वर्षे लोटतात तसे ते ओसरते, म्हणून दाबाची तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. वरच्या पापणीखाली जिथून पाणी नव्या वाटेने जाते तिथे फिकट फुगवटा राहतो आणि त्याची भिंत पातळ असते. अशा मुलाचा डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा चिकट स्राव आला तर औषधाच्या दुकानातून थेंब आणून वाट पाहू नये. त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा, कारण त्या पातळ भिंतीतून जंतू आत गेले तर डोळा काही दिवसांत जातो. विहिरीत आणि समुद्रात पोहण्याबद्दल प्रत्येक मुलासाठी डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारावे. किनाऱ्यावरच्या गावात हा प्रश्न टळणारा नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींना डोळ्याची हकिकत सांगून पहिल्या बाकावरची जागा मागून घ्यावी.

आणि घरात पुढचे मूल होणार असेल तर त्याचाही विचार आधीच करावा. हा विकार पुष्कळदा आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन सदोष जनुकांच्या एकत्र येण्याने होतो. आईबाप स्वतः निरोगी असतात, म्हणून कोणालाच शंका येत नाही. आते-मामे भावंडांच्या लग्नात असे दोन जनुक एका घरात येण्याची शक्यता वाढते. अशा जनुकांमुळे एका मुलाला विकार झाल्यावर पुढच्या प्रत्येक मुलाला हा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. त्यात आईचा काही अपराध नाही, ग्रहणाचाही नाही. अशा घरातल्या दुसऱ्या बाळाला डोळ्यातून पाणी येण्याची वाट न पाहता जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. महिन्याच्या आतल्या बालकांवरही ही शस्त्रक्रिया हैदराबादेत झालेली आहे, आणि इतक्या लवकर निदान झालेल्या मुलाचे पारपटल पुष्कळदा अजून नितळ असते.